सवापट गांधार

उंद्रीत कुणाकडे बारसं निघालं की आधी शारदेला निरोप जायचा, मग सोनाराला. एवढीशी पोर, पण पाळणा म्हणायला लागली की बायका हातातल्या घुगऱ्या तोंडात टाकायचं विसरत. तिला कुणी शिकवलं नव्हतं. "देवानं घातला तिच्या गयात, आपुन कोन शिकवनार?" असं तिची आई रुखमाबाई सगळ्यांना सांगे.

देवानं घातलेला तो सूर भालचंद्र मास्तरांनी काढून घेतला. कसा, तेच सांगायचं आहे.

भालचंद्र मास्तर हा शारदेचा नवरा. पुण्याला शिकून आलेला, चिखलीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा. माणूस हुशार, त्याबद्दल वादच नाही. गाणं आणि विज्ञान मुळात एकच, हे त्याचं वेड. "तार निम्मी केली की वरचा सा येतो, शारदा. यात देव कुठे आला?" असं तो नव्या नवरीला जेवता जेवता समजावी, आणि तीही वाढायचं थांबून ऐके. गाण्याबद्दल बोलणारा नवरा कितीजणींच्या नशिबी येतो? बिचारी खूश होती हो!

मग घरात बाजाची पेटी आली. मास्तरांनी भाता मारला, गांधाराची पट्टी दाबली आणि तिला तो सूर लावायला सांगितला. तिनं लावला. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उतरलेला आहे. वर घे."

"मले तर हाच बरोबर वाटते."

"मले नाही, मला. आणि वाटण्याचा प्रश्नच नाही. पेटी खोटं बोलत नाही. वर घे. अजून वर."

झालं! रोज दिवेलागणीला तो एकच सूर. शेजारची चांदबी भिंतीपलीकडून विचारी, "काय वं शारदाबाई, मास्तरनं शाळा घरीच उघडली काय?" शारदा हसून वेळ मारून नेई आणि चुलीपुढे बसून रडे. गळा आपोआप आपल्या जुन्या जागी जाऊन बसायचा, आणि मास्तर त्याला मानगूट धरून वर काढायचे. उंद्रीहून बारशाची बोलावणी आली तर म्हणत, "नको, त्या बायकांत पुन्हा बिघडेल." मग बोलावणीही बंद झाली. अखेर एका संध्याकाळी तिचा सूर पेटीला तंतोतंत चिकटला. मास्तरांनी टाळी वाजवली. शारदेलाही बरं वाटलं. आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं, हेच तिला पुढे जास्त खुपलं.

थोरली स्नेहलता झाली तेव्हा बारशाला तिनं स्वतःच पाळणा म्हटला. रुखमाबाईनं तो संपेपर्यंत ऐकला आणि लेकीला आत नेलं.

"काऊन वं, बरं नाही का तुले? हे गानं तुहं नाही."

"आई, आता सूर बरोबर लागतो."

जावयाच्या घरात सासूनं बोलायचं तरी किती!

पुढे बऱ्याच वर्षांनी धाकटा मुलगा झाला, त्याच साली शाळेत विलायती नादकाटे आले. म्हणजे ठोकला की एकच स्वच्छ सूर देणारे पोलादी चिमटे. साची कंपनं जितकी, त्याच्या सवापट गांधाराची, असं त्यांचं गणित. मास्तरांनी ते घरी आणून पेटीशेजारी वाजवले आणि त्यांचा चेहराच उतरला. पेटीचा गांधार चढा होता! कुठल्याही पट्टीत वाजवता यावी म्हणून पेटीचे सूर मुळातच थोडे थोडे सरकवलेले असतात, हे त्यांना मागाहून पुस्तकात सापडलं. नादकाट्याचा सूर ऐकून स्वयंपाकघरात शारदेच्या हातातलं लाटणं थांबलं. तो तिचा उंद्रीचा सूर होता.

मास्तर धावत आत आले. "शारदा, तुझाच बरोबर होता! अगदी सवापट!"

आता तरी चूक कबूल करतील म्हणता? छे! त्यांना व्याख्यानाला विषय मिळाला होता. शाळेच्या संमेलनात, नागपूरहून येणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांपुढे, न शिकलेल्या गळ्यातलं निसर्गाचं गणित ते दाखवणार होते, आणि गाणार होती शारदा. तिनंही हो म्हटलं. नुसतं गुणगुणून तो सूर सापडत नव्हता, पण नादकाटा वाजला की गळा आपलं घर ओळखेल, अशी तिला आशा होती. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेलं हे एवढंच.

संमेलनाला सभागृह भरलं होतं. मास्तरांनी गांधाराचा नादकाटा ठोकून लाकडी खोक्यावर टेकवला. शारदेनं डोळे मिटले आणि सूर लावला. दोन सूर एकमेकांवर घासले आणि वँव वँव अशा लाटा साऱ्या सभेला ऐकू आल्या. तिच्या तोंडून पेटीचा गांधार निघाला होता.

"खाली घे," मास्तर पुटपुटले. "खाली. अजून खाली."

ती खाली गेली ती भलतीकडेच. सावरायला गेली तर सूर पुन्हा पेटीच्या जागी चढला. तिनं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं.

मास्तर क्षणभर गडबडले, मग श्रोत्यांकडे वळले. "सज्जनहो, सूर चुकला की अशा लाटा उठतात. हेच आपल्याला दाखवायचं होतं." इन्स्पेक्टरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

घरी आले तेव्हा धाकटा रडून लाल झाला होता आणि रुखमाबाई त्याला झोके देऊन दमली होती. मास्तरांनी गळ्यातला हार खुंटीला अडकवला. स्वारी खुशीत होती.

"म्हण ना त्याला एखादा पाळणा."

शारदेनं आईच्या हातातून दोरी घेतली.

"कोनत्या सुरात म्हनू? तुमच्या पयल्या, का तुमच्या दुसऱ्या? माहा तर तुम्ही ठेवलाच नाही."

"माहा नाही, माझा," मास्तर सवयीनं म्हणाले.

शारदा दोरी ओढत राहिली. पोर रडून रडून आपोआप झोपलं.