वहिनींची युकुलेली आणि माझी बाज ताणण्याची विद्या

आमच्या वहिनींनी युकुलेली चुलीपाशी ठेवली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

युकुलेली म्हणजे गिटारीचं तान्हं लेकरू, चार तारांचं. ती आमच्या कोल्हारात आली थोरल्या भावामुळे. तो राहुरीला शेतकी खात्यात होता. तिथे आलेल्या एका परदेशी साहेबांच्या बायकोशी आमच्या नव्या वहिनींची गट्टी जमली, आणि मायदेशी परतताना बाई ते वाद्य वहिनींना देऊन गेल्या.

"येवढ्या लांबची बाई, आन् तुनतुनं देऊन गेली?" आई म्हणाली. "येखादं पातेलं तरी द्यायचं!"

पण वहिनींनी त्यावर गणपतीची आरती बसवली आणि आईचा नूर पालटला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सून आरती वाजवणार, हे तिने नदीपासून मोटार स्टँडपर्यंत जाहीर केलं. सासरी आल्यापासून वहिनी पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. (हे लिहिताना मान खाली जाते.)

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. मला एकच विद्या येत होती: बाज ताणणे! पायथ्याकडची दोरी अशी ओढायचो की बाजेवर टाकलेलं पोर उसळून परत हातात यावं. गल्लीतल्या सगळ्या बाजा माझ्याकडे असत.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि वहिनी आमंत्रणं करायला बाहेर पडल्या. जाता जाता आई कुरकुरली, "लई बारीक वाजतं गं ते. ओट्यावरच्या बायांना काय ऐकू यायचं?"

मी युकुलेली हातात घेतली. तारा कसल्या, नायलॉनचे दोरे! आणि सैल! मी ते सोडून फेकले, भजनी मंडळाने तुणतुण्यासाठी ठेवलेल्या पोलादी तारा आणून चढवल्या, आणि खुंट्या पकडीने पिळल्या. टण्ण! असा आवाज, की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

चहा पिऊन येतो तो तारा दांडीपासून उचललेल्या. मधून करंगळी जात होती. आता बाज झोळ धरते तेव्हा माणूस काय करतो? ताणतो. मी ताणलं. मग मधून अंगठा जायला लागला. आणखी ताणलं! दांडीच धनुष्यासारखी वाकत चालली आहे, हे मला कळलं तेव्हा दारात वडील उभे होते.

"काय चाललंय रे?"

"ताण देतोय, बाबा."

"बैलगाडीचं जू हाय का त्ये, आवळायला?" त्यांनी वाद्य डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला. "वाकलं की! घाबरू नको. लाकूड हाय. शेकायचं आन् सरळ करायचं."

म्हणून युकुलेली चुलीपाशी गेली. नेली मी, धरली वडिलांनी. दांडी पाटावर दाबली, वर वरवंटा ठेवला. तारा काढायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोन मिनिटांत फाट्! तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी घोडी उखडली, वडिलांच्या कपाळावर आपटली, आणि तिथून आईच्या तिळगुळाच्या पाकात!

"मेलो!" वडील म्हणाले. नंतर हळूच, "तू बोलू नको. मी बी बोलत न्हाई."

मी घाईने तारा तोडून खिशात कोंबल्या. घोडी पाकातून काढून पुसेपर्यंत दोघी दारात.

आईने चुलीपाशी पडलेली युकुलेली पाहिली. "अगं, लाकडाची वस्तू चुलीपाशी ठिवतात व्हय? अक्कल हाय का न्हाई?"

वहिनींनी वाकडी दांडी उचलली. तिच्यावरून बोट फिरवलं. वडिलांच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छपराची कौलं मोजत होतो.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईने आलेल्या प्रत्येक बाईला हळदीकुंकवाबरोबर ती हकीकत वाटली. पुढे घरात काहीही बिघडो, रेडिओ, शिवणयंत्र, शेजाऱ्याची सायकल, "चुलीपाशी ठिवलं आसंल!" वडील गेले ते शब्दाला जागून, गप्प राहूनच गेले. वहिनींनी पुन्हा वाद्य मागितलं नाही.

गेल्या महिन्यात कोल्हारला गेलो आणि धीर करून म्हणालो, "वहिनी, ती युकुलेली..."

"तारेचा तुकडा मला त्याच संध्याकाळी राखेत सापडला, भाऊजी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलताय, ते बघत होते."

मी बसलो होतो त्या बाजेकडे पाहिलं. इतकी वर्षं मी इथे आलो की माझी बाज झोळीसारखी लोंबलेली असे. ताणायला गेलो की वहिनी गोड हसून म्हणायच्या, "असू द्या, भाऊजी. पाहुणे आहात तुम्ही."

"ती बाजसुद्धा...?"

"तुमच्यासाठी वेगळी ठेवलीय. तुम्ही येणार असं कळलं, की आधी दोरी सैल करते."

मी ताडकन उठायला गेलो. पाठ निम्म्यातच अडली. वहिनींनी मला बाजूने न्याहाळलं, अगदी वडिलांसारखा एक डोळा मिटून.

"बरोब्बर तोच बाक!" त्या म्हणाल्या. "मागच्या दारी पाणी तापतंय. जाऊन चुलीपाशी बसा. शेकून सरळ होतंय का बघू."

मी मुकाट्याने जाऊन बसलो. या खेपेला चुलीपाशी कोणी ठेवलं, याबद्दल मात्र घरात वाद नाही!