बांधावरचं जांभूळ

महाडच्या कॉलेजात चित्रकलेच्या सरांनी निसर्गचित्रासाठी अंतर मोजायला शिकवलं. हात ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सांगितलेलं सगळं तंतोतंत करायचे. कापड्याला मावशीकडे गेले होते, तेव्हाही भातशेताच्या कडेला बसून तसंच मोजत होते.

"काय मोजतेस गो?" मागून त्या शेताचे मालक आले होते.

"चित्र काढतेय, काका."

"चित्राला एक डोळा मिटायला लागतो? मोजणीवाले पण असंच बघतात. बाजूवाल्यानं पाठवलंय ना तुला?"

मी घाबरून वही पुढे केली आणि तिथेच फसले. झाड मधोमध नको, असं सर म्हणायचे, म्हणून मी काकांच्या बांधावरचं जांभूळ सरकवून शेजाऱ्याच्या शेतात नेलं होतं.

"माझा जांभूळ त्याच्या शेतात? आणि म्हणतेस चित्र हाय!"

मी परोपरीने सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. शेवटी झाड खोडून पुन्हा बांधावर काढलं. काका हलले नाहीत.

"आता खाली सही कर."

मी केली. त्यांनी मोबाइलवर त्या पानाचा फोटो घेतला, सही नीट आली का ते मोठं करून पाहिलं आणि मी वही मिटून उठेपर्यंत तिथेच उभे राहिले.

चित्राखाली केलेली माझी ती पहिली सही.