कपाटातली काठी

ऑर्विल,

हे ब्रेलमध्ये लिहितेय, म्हणजे तुझ्या लेकीला, गेलला, वाचून दाखवावं लागणार नाही. याची एक प्रत आपल्या आंधळ्यांच्या संघटनेच्या अंकाला देणार आहे. आवडलं नाही तर तसं कळव, पण लवकर कळव.

तुझा वृद्धाश्रम चालवणाऱ्या मिसेस डेलानींच्या ऑफिसात जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. तुला ओळखणारा कुणीही बसल्या जागी थिजला असता. ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांना ते कळावं म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

लोखंडाच्या खाणीत सुरुंगानं तुझे डोळे नेले तेव्हा तुला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. आंधळ्यांचं भलं करणाऱ्यांनी तुला झाडू बांधायला बसवलं. तिथे संडासलासुद्धा एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं नेत. एका सकाळी तू अर्धा झाडू टाकून उठलास आणि परत गेला नाहीस. पुढे तुला काठीनं चालायला शिकवायचं होतं, तर परवाना देणारे म्हणाले, आंधळा आंधळ्याला कसं शिकवणार? शिकणारा गाडीखाली जात असला तर तुम्हाला दिसणार कसं? तू म्हणालास, "त्याला न बघता चालायचंय. बघणारा त्याला काय शिकवणार?" परवाना मिळाला नाही. तू आपल्या केंद्रात शिकवत राहिलास, आणि परवाना नसलेल्या तुझ्याकडूनच डुलुथ शहरातले अर्धे आंधळे शिकले.

मी त्यातलीच एक. कॉलेजची पदवी होती, पण आंधळीला शिकवायला वर्ग कोण देणार? तिशी आली तरी आईच्या कोपराला धरून चालत होते. तू मला टेकडीवर नेऊन सोडलंस. "सरोवर उताराकडे आहे, कॉलेजवाली. केंद्रात कॉफी ठेवलीय. उशीर केलास तर गार होईल." एवढं बोलून निघून गेलास. मी उतारभर तुला शिव्या घालत आले. कॉफी गरम होती.

असा माणूस गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर वृद्धाश्रमात टीव्हीसमोर बसलेला सापडला, हातात काठी नाही.

"काठी कुठेय?" मी विचारलं.

"आत आहे," तू म्हणालास.

तेवढ्यात तिथली एक पोरगी आली आणि तुझ्याशी नाही, माझ्याशी बोलली. "आजोबांना कशाला हवी काठी? आम्ही नेतो ना हाताला धरून."  मला वाटलं, आता हा तिला सुनावेल. तू म्हणालास, "थँक यू, बाळ." 

मी रॉयला फोन केला. तोही तुझाच विद्यार्थी, तावातावानं सगळ्यांना गोळा करून आला. तुलाही बरोबर घेऊन मिसेस डेलानींच्या ऑफिसात शिरलो, तर आमच्या काठ्या ठेवायला जागा पुरेना. आपला नियम तुला सांगायला नको, तूच घालून दिलेला: कुणी दुसऱ्या आंधळ्याच्या वतीनं मागायचं नाही, ज्याचं त्यानं तोंड उघडायचं. म्हणून मी जे पाहिलं तेवढंच सांगितलं आणि जीभ चावून बसले. ते मला किती जड जातं, तुला माहीत आहे.

मिसेस डेलानी शांतपणे म्हणाल्या, "काठी माझ्या कपाटात आहे. पण आम्ही ती घेतलेली नाही. मिस्टर ऑर्विल नीमेलांनी स्वतः आणून दिली. म्हणाले, ठेवा कुठेतरी, मला नको."

रॉय हसला. "बाई, थापा मारायच्या तर पचतील अशा तरी मारा."

आम्ही सगळे तुझ्याकडे तोंड करून थांबलो. तू म्हणालास, "खरं आहे ते."

 रॉयची खुर्ची सरकली आणि तो बाहेर गेला, मागोमाग बाकीचेही.  शाळांनी मला नाकारलं तेव्हाही अशी सुन्न झाले नव्हते. त्यांचं काय, ती परकी माणसं होती.

तुला खोलीत नेऊन मी दार लावलं. "वेड लागलंय का तुला?"

"जरा मोठ्यानं. आणि या बाजूनं बोल."

मला वाटलं, चेष्टा करतोयस.

"काठी आपटतो, लव्हर्न, पण भिंत बोलत नाही, आवाज परत येत नाही. गल्ली कुठे उघडते कळत नाही. गाडी अगदी अंगावर आली की कळतं. परवा माझ्याच खोलीचं दार मला सापडेना." मग हळूच म्हणालास, "मी आत्ता आंधळा झालो."

मी खुर्ची ओढून तू सांगितलेल्या बाजूला बसले. 

"कान दाखवलेस कुणाला?"

"दाखवून काय? संपलं म्हणतील."

"म्हणू देत. ओमाहाची मर्टल आंधळी तर आहेच, ठार बहिरीही आहे, तरी रोज रस्ता ओलांडते."

"ती जन्माची बहिरी. तिचं काय गेलंय?"

"हे तिला सांगून बघ. तळहातावर बोटांनी अशी शिवी लिहील की जन्मभर पुसली जाणार नाही." तू थोडासा हसलास. मी तेवढ्यात घुसले. "केंद्रात येणारा प्रत्येक जण आता काय उरलंय म्हणत यायचा. त्यांना तू काय म्हणायचास?"

"कोट घाल आणि चल म्हणायचो."

"मग?"

तू गुडघे चोळलेस. मग उठलास, भिंतीला हात लावत ऑफिसपर्यंत गेलास आणि म्हणालास, "मिसेस डेलानी, माझी काठी द्या." कपाट उघडल्याचं मी ऐकलं. तू ऐकलंस की नाही, माहीत नाही.

ठरलं ते असं: शुक्रवारी कानाचे डॉक्टर. टॅक्सी नाही, बस. बसच्या कोपऱ्यापर्यंत तू पुढे चालायचं, मी मागे, आणि चुकलास तरी मी बोलायचं नाही.

शुक्रवारी सरोवरावरून वादळ आलं. बर्फानं फुटपाथची कडच नाहीशी झाली, बस बंद पडल्या. मी दवाखान्याकडून पुढचा शुक्रवार मागून घेतला. मधल्या दिवसांत आश्रमातल्या कुणीतरी गेलला कळवलं, "एक आंधळी म्हातारी तुमच्या वडिलांना बर्फात बाहेर नेतेय." ती विमानानं आली आणि तुला आपल्या घरी, टूसॉनला घेऊन गेली. तिनं तुला विचारलं का, आणि तू काय म्हणालास, मला कुणी सांगितलं नाही.

तिथे बर्फ पडत नाही. कानाचे डॉक्टर तिथेही असतील, आणि गेल तुला गाडीनं अगदी दारापर्यंत नेईल. पण आपलं ठरलं होतं ते बसनं जायचं, तू पुढे आणि मी मागे. ते राहून गेलं.