पोंक्ष्यांची निळी रेघ

दिगंबर पोंक्षे सदाशिव पेठेतून सायकलवर एका मेडिकल कॉलेजात जात आणि तिथे माणसाच्या आतल्या सामानाची चित्रं काढीत. हुद्दा आर्टिस्ट. त्यांचे तक्ते पाठ करून सव्वीस वर्षांच्या तुकड्या डॉक्टर झाल्या. १९९९ साली विभागात कॉम्प्युटर आला. त्याला पोंक्ष्यांची खोली मिळाली आणि पोंक्ष्यांना जिन्याखालची जागा. यात कोणाला वावगं वाटलं नाही. कॉम्प्युटरला धूळ चालत नव्हती.

पोंक्ष्यांनाही चालत नव्हती. त्यांना लहानपणापासून दमा होता. पण ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेवढंच सांगावं अशी घराण्याची शिस्त होती. पंप शर्टाच्या आतल्या खिशात असे. तो ओढायचा असला, की पोंक्षे हात धुवायला जात.

त्या जूनमध्ये नव्या लेक्चरर वल्लरी आगाशे जिन्याखाली आल्या.

“पोंक्षेकाका, तुमचा श्वासनलिकांचा तक्ता चुकलाय.”

“सव्वीस वर्षांनी का होईना, कळवलंत. आभारी आहे, मॅडम.”

तक्त्यात दोन नसा होत्या, रक्ताच्या नव्हेत, मेंदूचे हुकूम पोचवणाऱ्या. लाल व्हेगस श्वासनलिका आवळणारी, निळी ती रुंद करणारी. आगाशे मॅडमचं म्हणणं, माणसात ही निळी नस नळीच्या स्नायूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. अ‍ॅड्रेनलिन येतं ते रक्तातून, स्नायूवरच्या ठरलेल्या जागांवर बसतं आणि त्याला सैल करतं. नळी रुंद करणारे खरे तंतू आहेत ते लाल नसेतच मिसळलेले.

“म्हणजे आवळणारे आणि सोडणारे एकाच वाटेने येतात?”

“हो.”

“सरकारी खात्यासारखंच की,” पोंक्षे म्हणाले आणि नवा कागद ताणून बसले.

पण बारीक रेघा अंधूक दिसू लागल्या होत्या. टिळक रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला.

“डायबेटिस?”

“नाही.”

“बीपी? हार्टचं काही?”

“नाही, नाही.”

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ एकेक. प्रश्न तीन, उत्तरं तीन. पोंक्षे हिशेब चोख झाल्याच्या समाधानात घरी आले.

दुसऱ्या दिवशी छाती जड वाटली. “हवा बदललीय,” त्यांनी पत्नीला, मंदाकिनीबाईंना सांगितलं. दमेकऱ्याला हवेसारखा सोयीचा आरोपी नाही. तिसऱ्या सकाळी थेंब घालून ते कॉलेजात आले. साडेदहाला निळ्या रंगात कुंचला बुडवला आणि श्वास अडला.

पंपाचे दोन झोत घेतले. काही नाही. आणखी दोन, मग आणखी चार. हे औषध इतक्या वर्षांत कधी असं परक्यासारखं वागलं नव्हतं. आत गेलेली हवा बाहेर येईना आणि नव्या हवेला आत जागा मिळेना. त्यांनी टेबलाची कड धरली, खांदे वर ओढले. जिन्यावरून विद्यार्थी गप्पा मारत उतरत होते. हाक मारायलाही श्वास लागतो, हे पोंक्ष्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पाण्याचा पेला जमिनीवर ढकलून दिला.

आवाजाने आगाशे मॅडम धावत आल्या. निळे ओठ आणि हातातला पंप पाहून त्यांना एका क्षणात बरंच समजलं.

“काका, दमा आहे तुम्हाला? आज कसली गोळी घेतलीत? इंजेक्शन?”

पोंक्ष्यांनी मान हलवली. नाही. गोळी नव्हती, इंजेक्शनही नव्हतं. उत्तर अगदी अचूक होतं, आणि त्या अचूकपणापायी आपण आता मरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. मॅडम स्ट्रेचरसाठी वळल्या. पोंक्ष्यांनी त्यांची ओढणी मुठीत धरली, कुंचला उचलला आणि नव्या तक्त्यावर, दोन फुप्फुसांच्या मधोमध, एक डोळा काढला. वेडावाकडा. त्यावर एक थेंब.

मॅडमनी आधी डोळा पाहिला, मग थेंब. “काचबिंदूचे ड्रॉप्स? अहो काका!”

डोळ्यातलं ते औषध नाकावाटे रक्तात उतरलं होतं आणि अ‍ॅड्रेनलिनच्या जागा अडवून बसलं होतं. पंपालाही त्याच जागा लागत. आता उरला एकच उपाय, आवळणाऱ्या नसेचं तोंड बंद करायचं. इमर्जन्सी वॉर्डात पोंक्ष्यांच्या तोंडावर मास्क चढला, त्यातून वेगळ्या औषधाची वाफ येऊ लागली. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, हलवला, पुन्हा लावला. छातीत हवेचा आवाजच नव्हता. पोंक्षे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. छताचा पंखा लांब जाऊ लागला.

विसाव्या मिनिटाला त्यांच्या छातीत कुठेतरी, फार खोल, एक बारीक शिट्टी वाजली. मग दुसरी. मग सगळी छाती मोडक्या पेटीसारखी सुरू झाली.

निरोप मिळून मंदाकिनीबाई पोचल्या, त्या हा आवाज ऐकून दारातच थबकल्या.

“अहो, हे केवढं वाजतंय! काहीतरी करा ना, डॉक्टर!”

आगाशे मॅडम तोवर स्टुलावर बसल्या होत्या.

“वाजू द्या, काकू,” त्या म्हणाल्या. “मघाशी वाजत नव्हतं.”