हळू आवाजातला राग

मी अमेरिकेला निघाले तो बुधवार होता, म्हणजे शेजारचा कारखाना चालू होता. भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घराची मागची भिंत आणि चोवीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, त्या कारखान्याची भिंत एकच. त्यामुळे माझा निरोपसमारंभ ओरडूनच झाला. आई दारातून ओरडली, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात हाय! पोचलीस की आधी जेव, मग फोन कर!" मी गाडीजवळून ओरडले, "किती वेळा सांगशील?" दादा बॅगा चढवता चढवता आम्हा दोघींवर ओरडत होता. टॅक्सीवाला बाहेरचा. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि समजुतीने म्हणाला, "मॅडम, जाते टाइम झगडा नहीं करते." आम्ही तिघंही हसलो. भांडण कुठे होतं? आई रडू आवरायला बोलत होती, मीही.

आमच्या घरात मोठा आवाज म्हणजे नुसतं बोलणं. शुक्रवारी लूम बंद असत, तरी आमचा आवाज खाली येत नसे. बाबा म्हणत, "कारखान्याला सुट्टी हाय, आपल्याला न्हाय." उलट कुणी हळू बोललं की घर धास्तावायचं. आई खरोखर नाराज झाली की एकेक शब्द सुटा करून, मऊ आवाजात सांगायची, "जेवण वाढलंय. बसा." त्या दिवशी बाबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

अमेरिकेत मी साहित्य शिकायला आले आणि पुढे तेच शिकवू लागले. तिकडच्या लिखाणात वंश, बाई आणि भावना यांची गाठ कशी पडते, हा माझा विषय. सोप्या शब्दांत सांगते. कथेतली काळी बाई साधा प्रश्न विचारते, पगार कधी मिळेल, मुलाला वर्गाबाहेर का काढलं; आणि समोरचे म्हणतात, किती चिडखोर आहे ही! राग तिच्या आवाजात असतो की ऐकणाऱ्याच्या कानात, हे मी पानापानांतून तपासते.

पहिल्याच सत्रानंतर विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले. तिघांनी लिहिलं होतं की बाई वर्गात रागावलेल्या असतात. मी तर फक्त शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलत होते. एक ज्येष्ठ सहकारी आपुलकीने म्हणाल्या, जरा खालच्या पट्टीत बोलून बघ. माझं आणि त्या कथांमधल्या बायकांचं दुःख मी एका मापाने मोजत नाही. त्यांच्यामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. माझ्यामागे लूमची खटखट होती. पण नोकरी टिकवायची होती. मी आवाज उतरवला. आधी वर्गात, मग दुकानात, मग स्वतःच्या स्वयंपाकघरात. आता माझी मुलगी दुसऱ्या खोलीत असली तर मी तिला हाक मारत नाही, मेसेज करते.

याच काळात आईचे फोन आखूड होत गेले. "बरं हाय. ठेव." एवढंच. बाबा गेल्यावर मी तिला दरवर्षी म्हणायचे, चार महिने माझ्याकडे ये. दरवर्षी नवं कारण. गुडघे, थंडी, बुद्धविहारातल्या बायकांबरोबरची पावसाळ्यातल्या वर्षावासाची वाचनं. मी ती कारणं खरी धरली आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं.

गेल्या हिवाळ्यात घरी गेले. शेजारचे लूम भंगारात गेलेत, तिथे आता गोदाम आहे, खोकी येतात आणि जातात. भिंत गप्प झाली आहे. आई मात्र पहिल्यासारखीच ओरडते. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी शेजारी बसून विचारलं, "आई, या वेळी तरी तिकीट काढू का तुझं?"

तिने पुढचा गोळा थापायला घेतला. दादा वैतागला. "अगं, तू तिच्याशी असं का बोलतेस?"

"कसं?"

"असं. दवाखान्यात बोलल्यासारखं."

मग आई तव्याकडे बघतच म्हणाली, "फोनवर पण तसंच. माझं काय चुकलं ते तरी सांग ना, बाय. राग धरलेल्या लेकीच्या घरी मी कोणत्या तोंडाने येऊ?"

आवाजावरून राग ठरवण्याच्या चुकीवर मी अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ती चूक माझ्या हळू आवाजाच्या बाबतीतही होऊ शकते, आणि तीही आमच्याच ओट्यापाशी, हे माझ्या एकाही प्रकरणात नव्हतं. समजावून सांगायला गेले असते तर पुन्हा हळूच बोलले असते. म्हणून मी छाती भरून ओरडले, "आई! तिकीट काढू का?" सवय गेलेली, आवाज मध्येच चिरकला.

भाकरी तव्यावर टाकत आई ओरडली, "काढ की! बहिरी हाय का मी? आणि खिडकीजवळचं काढ!"

दादा म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं भांडण."

माझ्यासारखे भिवंडीतून बाहेर पडलेले बरेच जण आहेत. तुमचाही आवाज कुठेतरी उतरला असेल. घरी फोन लावाल तेव्हा तो परत चढवा. तिकडे कुणीतरी तुमच्या हळू आवाजाचा वेगळा अर्थ लावत असेल.

आई एप्रिलमध्ये येते आहे. माझ्यापुरतं घर म्हणजे आता ती जागा, जिथे ओरडलं तर कुणी विचारत नाही काय झालं, आणि हळू बोललं तर सगळे विचारतात. इथे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना मी आधीच जाऊन सांगून आले आहे: चार महिने आमच्याकडून मोठमोठे आवाज येतील. काळजी करू नका. सगळं ठीक असेल. आवाज बंद झाले, तर मात्र दार वाजवा.