पायाळू जावयाची लाथ

मी पायाळू आहे. जन्माला येताना पाय आधी बाहेर आले, यात माझं कर्तृत्व शून्य. पण जुन्या लोकांना हे पटत नाही. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, त्याच्यावर वीज पडते (लहानपणी ढग गडगडले की शेजारी मला ओट्यावरून हाकलायचे!) आणि त्यानं लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण पळते. असल्या समजुती ऐकायचा मला भारी नाद. ऐकल्या की मन आमची पुंडलिकनगरची गल्ली सोडून थेट नवाबी जमान्यात जातं. तिथं मला न्यायला हत्ती येतो.

लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं. (आमच्याकडं पाणी येणं हेही कार्यच, फक्त पत्रिका छापत नाहीत.) करमाडहून आलेले माझे सासरे धोतर खोचून धावले, भरलेला ड्रम सरकवायला गेले आणि त्याचा काठ धरून तिथंच काटकोन झाले.

"मामा, सरळ व्हा की!"

"होता आलं असतं तर वाकून बोललो असतो का, जावईबापू? उसण भरली!"

नातीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी खास नवा फेटा आणला होता. आवाज एकदम ओला झाला. "उद्या पाव्हण्यांपुढं असा येऊ? फेटा माझा अन् तोंड जमिनीला?"

"रिक्षा बोलावतो. दवाखान्यात जाऊ."

"घरात पायाळू असताना दवाखाना? घाला लाथ!"

लग्नात ज्यांनी माझे पाय धुतले, त्यांनाच तो पाय मारायचा?

"मामा, पाप लागंल!"

"पापाचं मी बघतो, तुम्ही नेम बघा. अन् हळूच हां! नुसता लावायचा."

"घाला ओ," बायको म्हणाली. "माझे आण्णा स्वतः सांगायलेत ना!"

मी पाय उचलला, डोळे मिटले… आणि हत्ती आलाच! समोर नवाबसाहेब कंबर धरून वाकलेले. पडद्याआड बेगमांचे श्वास रोखलेले. चोपदार ओरडतोय, "हटो मियाँ, हटो! कदम मुबारक आ रहे!" एवढ्या मोठ्या माणसाला नुसता पाय लावायचा? छे! मी दोन पावलं मागं सरलो आणि हुमकून लाथ घातली.

धबाक्! नवाबसाहेब ड्रममध्ये! डोकं आत, धोतर बाहेर! आणि मी ओल्या फरशीवर सपशेल आडवा!

बायकोनं किंचाळत आण्णांना ओढून काढलं. ते फुरफुरत बाहेर आले ते झेंड्याच्या काठीसारखे ताठ!

"गेली! उसण गेली!"

गेली खरी, पण लांब नाही. माझ्या कंबरेत आली होती.

"अगं, मला उठव!"

"थांबा. आता दुसरा पायाळू कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीसकट उचलून हॉलमध्ये ठेवलं. मामा फेटा बांधून ताठ उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत, "ह्यांच्या लाथेनं आज उभा हाय!" नातीला पेढा भरवून झाल्यावर ते माझ्या कानाशी आले. "लई उपकार झाले, बापू. हा दिवस तुमच्यामुळं बघितला."

लाथ खाऊन आभार मानणारा सासरा कुणाच्या नशिबी असतो?

तेवढ्यात नवे व्याही हात जोडून आले. "व्याहीबुवा, आमच्या मोठ्या भावाची कंबर लई दिवसांची धरलीय. जरा कृपा करा!" मागं आणखी चार-सहा जण कंबरेवर हात ठेवून उभे.

आयुष्यात पहिल्यांदाच अख्खा हॉल माझ्याकडं आदरानं बघत होता. नजर मात्र कुणाचीच माझ्या गुडघ्याच्या वर येत नव्हती!