अण्णांचं शेवटचं पान

अण्णा कुठलीही कादंबरी शेवटच्या पानापासून उघडत. तिथे कुणी मेलेलं किंवा रडताना दिसलं, की पुस्तक मिटून परत. "दुःख घरचंच पुरे आहे, ते वाचनालयातून कशाला आणायचं?" म्हणत.

निखिल, मीरा, दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची तुम्ही पाठवलेली कादंबरी मी वाचली. फोनवर तुमचा वादही ऐकला. शेवट फार गोड आहे, खऱ्या आयुष्यात असं होत नाही, असं निखिलचं म्हणणं. म्हणूनच तो तसा हवा, असं मीराचं. हाच वाद एकोणिसाव्या वर्षी मी अण्णांशी घातला होता, निखिलच्या बाजूने. त्याचं पुढे काय झालं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. चिकपेटेत एका कापडाच्या पेढीवर कामाला, बिनलग्नाचे, राहायला आमच्याच माडीवर. त्यांचे मित्र जयंतराव पुण्याहून आमच्या या कन्नड शहरात, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेले. दर रविवारी सकाळी लालबागेत फिरून दोघे आमच्याकडे कॉफीला येत.

"तुमचं मराठी म्हणजे अर्धं कन्नड," जयंतराव चिडवत.

"आणि तुमचं अर्धं इंग्लिश. दोघांचं मिळून एक पुरं होतं, सरी? बरोबर ना?"

अण्णांच्या पेल्यातली कॉफी जयंतराव न विचारता आपल्या पेल्यात ओतून घेत. आई ते पाही आणि खिडकीबाहेर बघू लागे.

त्या वर्षी जयंतरावांच्या घरून लग्नाचा तगादा सुरू झाला. एका रविवारी त्यांनी आमच्यासमोरच विचारलं, "अण्णा, वडिलांना काय कळवू? आता त्यांना उत्तर हवंय."

"स्वल्प थांबा. मंडळाचं वार्षिक येऊ दे. माझी गोष्ट वाचा, मग कळवा."

आम्ही सगळे हसलो. जयंतराव हसले नाहीत.

हे वार्षिक म्हणजे आमच्या मराठी मंडळाचं हस्तलिखित. एकच प्रत, ती कापडी पिशवीतून घरोघर फिरे. प्रत्येक घरी दोन दिवस. लिहिणाऱ्यांची घरं यादीत शेवटी, असा रिवाज. माझं अक्षर बरं, म्हणून सगळा मजकूर उतरवून काढायचं काम माझं.

अण्णांची गोष्ट कॉलेजातल्या दोन मुलग्यांची होती. एकमेकांवर जीव जडलेल्या. शेवटी ते बसवनगुडीत दोन खोल्या भाड्याने घेतात आणि दारावर दोघांच्या नावांची एक पाटी लावतात. बस, एवढंच. वाचून मी तडक माडीवर गेले.

"अण्णा, असं कुठे होतं?"

"होत नाही म्हणून तर लिहिलं."

"पण हे वास्तव नाही." मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, तो शब्द तेव्हा सारखा माझ्या तोंडी असे.

"वास्तव पोरांना रस्त्यावर मिळतं, कुसुम. काय होऊ शकतं, ते कुठे मिळायचं? असा एखादा सतरा वर्षांचा मुलगा शेवटचं पान उघडेल, तेव्हा तिथे तो सुखात दिसायला हवा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक गोष्ट म्हणतील. तू उतरव."

मी उतरवली, फक्त शेवटचं पान सोडून. त्या पानावर मी एका मुलाला कॅन्टोन्मेंट स्टेशनवर गाडीत बसवलं, गावी लग्नाला धाडलं आणि दुसऱ्याला फलाटावर उभं केलं. अण्णांना बदनामीतून वाचवलं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर गोष्ट सुधारली, असंही वाटलं.

पिशवी निघाली. तीस घरांच्या यादीत जयंतराव सातवे, आम्ही शेवटचे. अण्णा बोटांवर दिवस मोजत होते. त्यांच्या हाती प्रत पडेल तेव्हा काय होईल, या धास्तीने मला जेवण जाईना. त्याआधी ती जयंतरावांच्या हाती पडणार आहे, हे मनात आलंच नाही.

त्यांची पाळी झाली. पुढच्या रविवारी अण्णांनी दोन पेले मांडले. जयंतराव आले नाहीत. त्यापुढच्या रविवारीही नाहीत. मग कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, रजा टाकून ते पुण्याला गेले, बदलीचा अर्जही देऊन गेले. काही दिवसांनी लग्नपत्रिका आली. अण्णांनी ती दोनदा वाचली. "माझी गोष्ट वाचूनही?" एवढंच म्हणाले.

पिशवी आमच्याकडे आली तेव्हा मी दाराशीच उभी होते. अण्णांनी सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अक्षर सुंदर काढलंस, कुसुम."

"अण्णा, मी त्यांना पत्र लिहिते. माझीच चूक—"

"थांबू का, असं विचारलं होतं त्याने. तोंडाने सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून लिहिलं." त्यांनी वही पिशवीत घातली, नाडी नीट बांधली. "गुरुवारी लग्न झालं. आता तिथे एक मुलगी नांदायला आली आहे. तिच्या घरात तुझं पत्र नको."

ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. माझ्या लग्नात अक्षता वाटत फिरले, तुमच्या आईला त्यांनीच बाराखडी शिकवली. फक्त पुन्हा गोष्ट लिहिली नाही, आणि पुढचं वार्षिक दुसऱ्या कुणाला उतरवायला सांगितलं.

निखिल, असं आयुष्यात होत नाही, हे तुझं म्हणणं मी खोटं कसं म्हणू? पण त्या वेळी ते झालं नाही, ते माझ्यामुळे.

अण्णांचे मूळ कागद माझ्याकडेच राहिले. त्यांनी ते परत मागितले नाहीत. त्यातलं शेवटचं पान आज उतरवून सोबत पाठवते आहे. अक्षर आता थरथरतं, पण पाटीवरची दोन्ही नावं अण्णांनी लिहिली तशीच आहेत. आधी तेच वाचा.